आमचंही विमान घाला की

माझ्यापाशी दम नाही. कौतुकानं सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतेय. भात शिजेस्तोवर सतरांदा झाकण उघडणारी बाई मी. आई म्हणायची, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हंत्यात, तसं हाय हिचं. आन् नवऱ्याचा तर अजून पत्ता न्हाय." अशा बाईनं एका परदेशी, कधी तोंडही न बघितलेल्या माणसाच्या उत्तराची वाट बघत अख्खा पावसाळा काढला. कसा काढला ते माझं मला ठाऊक, आणि कोल्हापुरात शाहूपुरीतल्या त्या सायबर कॅफेवाल्याला ठाऊक. उत्तर यायचं ते इंटरनेटवरचं पान सगळ्यांनाच दिसायचं, म्हणून तो बिचारा सकाळीच उघडून बघून ठेवायचा आणि मी जिन्यात दिसले की लांबूनच मान हलवायचा. "ताई, आज पण काय न्हाय बघा." अरे, पण मला बसून बघू तर दे!

मागणं काय होतं? साधं होतं. आमचं विमान तुमच्या प्रोग्रॅममध्ये घाला.

दोन हजार सालानंतरची चार-दोन वर्षं असतील. रेडिओच्या रिमोटवर उडणारी छोटी विमानं असतात, ती उडवायला शिकवणारा एक प्रोग्रॅम तेव्हा इंटरनेटवर फुकट मिळायचा. सिम्युलेटर. स्क्रीनवर हिरवं मैदान, तुम्ही मैदानात एका जागी उभे, हातात रिमोट आणि समोर आभाळात विमान. आपटलं तर एक बटण दाबायचं, की विमान पुन्हा अखंड धावपट्टीवर उभं. करणारा माणूस एकटाच होता, कुठं तरी नोकरी सांभाळून हा उद्योग करायचा. कोणतं नवं विमान हवं ते लिहा म्हणून त्यानं एक पान ठेवलं होतं, आणि मनात येईल तेव्हा त्यातली मागणी उचलून तो ते विमान बनवून द्यायचा.

त्या पानावर काय काय मागण्या! कुणाला महायुद्धातलं बॉम्बफेकी विमान हवं, कुणाला जेट, कुणाला जम्बो. एका महाभागानं झाडूवर बसलेली चेटकीण मागितली होती, आणि ती त्याला मिळालीसुद्धा. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चेटकीण मिळते, आणि आमचं विमान मिळत नाही?

आमचं विमान जगात कुठंच नव्हतं. ते आण्णांनी केलं होतं. आण्णा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरात त्यांनी हयातभर पॅटर्न केले. बिडाचा भाग ओतायचा तर आधी तसाच लाकडाचा करतात, तो वाळूत दाबून काढतात, आणि वाळूत राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. त्या लाकडी भागाला पॅटर्न म्हणायचं. पंपाची पोटं, मोटारीची झाकणं, काय काय केलं त्यांनी. सगळं वाळूत दाबायला. काम सुटल्यावर त्यांचे हात गप्प बसेनात. रद्दीत एक जुनं मासिक मिळालं, त्यात लाकडी विमानाचं चित्र होतं. ते बघून, त्यात आपलं डोकं चालवून, सावरीच्या हलक्या लाकडाच्या पातळ पट्ट्या तासून, वर झिरझिरीत कागद चिकटवून त्यांनी विमान केलं. मी दोन्ही हात पसरले तरी पंख त्याहून लांब. रंग पिवळा, कारण पिवळा उरला होता. इंजिन आणि रिमोट पुण्याच्या एका हौशी माणसाकडून आणले, त्याला त्या छंदाचा कंटाळा आला होता म्हणून.

आणि विमान पुरं होतंय तेवढ्यात डोळ्यांचं निघालं.

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, फार उशिरा आलात. गेलं ते परत येणार नाही. कडेकडेनं दिसायचं कमी होत जाईल, नळीतून बघितल्यासारखं फक्त मधलं राहील, आणि मग तेही. एसटीत आण्णा खिडकीकडं बसले होते. जयसिंगपूर मागं पडलं. मग म्हणाले, "म्हंजे मधलं शेवटपतोर ऱ्हातंय न्हवं?"

"व्हय."

"मग बास की. मधलंच कामाचं असतंय." आणि जरा वेळानं, "तेवढ्यात आपलं विमान उडाल्यालं बघू."

एवढंच. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग कुणाचा, ते आजही सांगता यायचं नाही.

आता उडवायचं कुणी? कोल्हापुरात शिकवणारं कुणी आम्हाला माहीत नव्हतं. आण्णांचे डोळे तसले, आईनं आधीच हात जोडलेले. उरले मी. मी एका फाउंड्रीच्या ऑफिसात ड्रॉइंग करायची, त्यामुळं घरी कॉम्प्युटर होता, रात्रंदिवस त्याच्यापुढं बसायची सवय होती. आई म्हणाली, "उडीव बाई. पोरगी इमान उडिवती म्हटल्यावर स्थळांची नुसती रांग लागंल दारात." तो पुण्याचा माणूस एकदा इकडं कामाला आला होता, त्यानं विमान उचलून बघितलं. तोंड वाकडं केलं. म्हणाला, "काका, मजबूत केलंय. फारच मजबूत केलंय. हे उडेल, पण शिकाऊ हाताला माफ नाही करणार. आधी सिम्युलेटरवर शिका." त्यानंच ते पान दाखवलं. सिम्युलेटरमधली शिकायची विमानं पिसासारखी हलकी होती, सोडून दिली तरी आपली आपण सरळ व्हायची. "त्याच्यावर शिकून हे उडवलंत तर पहिल्याच वळणाला जाईल," तो म्हणाला. "तुमचंच विमान त्यात घालून मिळालं तर बघा." म्हणजे हे विमान एकदाच उडणार होतं, आणि ते एकदा तरी नीट उडायला हवं होतं. दुसरं करायला आण्णांना दिसणार नव्हतं.

पहिल्यांदा मी फार अदबीनं लिहिलं. माझं इंग्रजी ऑफिसातलं, कोटेशनबरोबर जोडायच्या पत्रातलं. कुणी ढुंकून बघितलं नाही. पुन्हा लिहिलं. एकानं खाली टोमणा मारला, इथं सगळ्यांनाच घाई असते. झालं! मी तिथंच खुर्चीत बसून, कॅफेवाल्याचा किबोर्ड फुटेल असा बडवत लिहिलं: तुमच्याकडं एवढी लढाऊ विमानं झालीत की एक युद्ध निघंल. त्यातलं एक तरी तुमच्यापैकी कुणी स्वतःच्या हातानं केलंय का? आमचं केलेलं आहे. घालायचं तर घाला, नाहीतर बसा चेटकिणी उडवत.

दुसऱ्या दिवशी कॅफेवाला जिन्यातच उभा. "ताई, आलंय! पण शिव्या दिल्यात का काय ते मला कळंना."

शिव्या नव्हत्या. एका ओळीचं उत्तर होतं. तिन्ही बाजूंची ड्रॉइंग पाठव, वजन पाठव, तोल कुठं बसतो ते पाठव, फोटो पाठव. डोळ्यांचं मी काही लिहिलं नव्हतं. भीक मागितल्यासारखं वाटलं असतं.

ड्रॉइंग? ड्रॉइंगवर तर माझं पोट होतं. घरी येऊन चप्पल काढायच्या आत पट्टी शोधायला लागले. अंग मी मोजलं. पंखांना हात लावणार तेवढ्यात आण्णा ओरडले, "पंखास्नी हात लावू नको. ते मी मोजून देतो." आपल्या बाकावर बसले, पट्टी लावली, आणि पट्टीवरनं हळूहळू मान सरकवत आकडे सांगत गेले. नजर सरकवायच्या ऐवजी अख्खी मान सरकवत होते ते माझ्या ध्यानात आलं, पण मी लिहीत होते. मला घाई होती. सगळं कॉम्प्युटरवर चढवलं, फ्लॉपीत भरलं, धावत शाहूपुरी गाठली.

आणि मग पुन्हा वाट. अहो, वाट बघायची म्हणजे काय करायचं, हे मला कुणी शिकवलंच नाही. ऑफिसात पेन्सिलीची टोकं मोडायला लागली. घरी आले की आण्णा एकच विचारायचे, "आलं?" आणि मी खेकसायचे, "आलं असतं तर सांगितलं नसतं?" मग मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी चिडायची.

उत्तर आलं ते असं: पंख अंगाच्या खाचेत बसत नाही, अष्टमांश इंचाची फट राहते. चूक कुठं आहे ते बघून पुन्हा पाठव. तोवर मी पुढच्याचं काम घेतो.

अष्टमांश इंच म्हणजे एक सूत. सुताराच्या घरात सुताचा फरक? विमान तर आमच्या माळ्यावर होतं, आणि त्याचा पंख खाचेत असा बसला होता की मधे कागद जाऊ नये. मी घरी येऊन पंख खाली काढला आणि माझ्या पट्टीनं मोजला. रुंदीला एक फूट सांगितला होता आण्णांनी. माझ्या पट्टीत तो फुटाला सूतभर जास्त. पुन्हा मोजला. तेच. मग मी आण्णांची पट्टी घेतली आणि माझ्या पट्टीशेजारी उभी केली.

त्यांचा फूटच मोठा होता!

लोखंड गार झालं की आकसतं. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि दरवेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच तेवढी मोठी आखलेली असते. हे मला लहानपणापासून माहीत. फाउंड्रीत नोकरी माझी. तरी माझ्या डोक्यात आलं नाही, आणि त्यांच्या तर नाहीच नाही. खरं विमान बरोबर होतं, कारण ते सगळंच त्यांच्या पट्टीनं झालं होतं. कागदावर मात्र अंग माझ्या फुटानं आणि पंख त्यांच्या फुटानं.

"आण्णा!" मी घर डोक्यावर घेतलं. "ही पॅटर्नची पट्टी हाय!"

"मग? माझ्याकडं दुसरी कुठली असणार?"

"विमान काय भट्टीत ओतायचं हाय व्हय?"

ते पट्टीकडं बघत बसले. मग म्हणाले, "सारा जलम हिच्यावर गेला गं. माझा फूट ह्योच." आई आतनं म्हणाली, "त्यांच्या फुटानं मोजलं तर मी किती भरीन बघ. आणखी बुटकी भरतीया का काय!" दोघं हसायला लागली. मी नाही हसले. मला एवढंच दिसत होतं की रांगेत आपण मागं गेलो.

दुरुस्त ड्रॉइंग त्याच संध्याकाळी पाठवलं. पण तो माणूस आता कुणाच्या तरी हेलिकॉप्टरात गुंतला होता, आणि हेलिकॉप्टर त्याला जमेना, असं तो स्वतःच लिहायचा. बाकीचे त्याला धीर द्यायचे. मला वाटायचं त्या हेलिकॉप्टरला काडी लावावी.

त्याच सुमारास आईनं मला हळूच सांगितलं, आण्णा सायकल काढत नाहीत आता. सायकलीवर धूळ बसलीय. विचारलं तर म्हणतात, चालल्यानं पाय मोकळे होतात. भाजी मंडईला निघालेला माणूस कडेच्या खांबाला खांदा घासून येतो आणि घरी सांगत नाही. दाराची कडी चाचपतो. एवढे दिवस मी उत्तराची वाट बघत होते, आणि इकडं ते माणूस रोज थोडं थोडं विझत होतं, माझ्या डोळ्यांदेखत.

दुसऱ्या दिवशी मी कॅफेत गेले आणि लिहिलं. माझ्या वडिलांना कडेचं दिसत नाही. मधलं दिसतंय, पण तेही जाणार आहे. त्यांना विमान उडालेलं बघायचंय. मला उडवता येत नाही. तुमच्याकडं शिकल्याशिवाय येणार नाही. एवढंच लिहिलं आणि उठले. मागं वळून वाचलंसुद्धा नाही. लाज वाटत होती, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा रागही येत होता.

त्याचं उत्तर आलं नाही. विमान आलं.

कॅफेवाल्यानं ते डाउनलोड करून फ्लॉपीत घातलं आणि पैसे घ्यायला ठाम नकार दिला. "वडलांस्नी दावा आधी," म्हणाला. घरी आले, रिमोटची वायर कॉम्प्युटरला जोडली, आणि त्या परक्या हिरव्या मैदानात आमचं पिवळं विमान उभं राहिलं. नाकाशी जरा बुटकं, शेपटाशी जाड, सगळं तसंच. आण्णा खुर्ची ओढून अगदी स्क्रीनसमोर बसले. मी रिमोटची दांडी पुढं केली. विमान धावलं, उठलं, डावीकडं कललं आणि धाडकन जमिनीत.

"उडालं की गं!" आण्णा म्हणाले.

"पडलं, आण्णा."

"त्ये मागनं. आधी उडालं न्हवं?"

मग रोज ऑफिसातनं आले की तेच. किती वेळा पाडलं असेल त्याची गणती नाही. पुण्याच्या माणसाचं खरं होतं, ते जड विमान माफ करत नव्हतं. हळू केलं की एकदम एका पंखावर पडायचं. आपल्याकडं तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं व्हायचं आणि माझे हात गोंधळायचे. पण हळूहळू हात शिकले. आण्णा शेजारी बसून सगळं बघायचे. "नाक वर जातंय बघ," म्हणायचे. "आता वळीव. आता उजवी बाजू खाली गेली." त्यांना सगळं दिसायचं! मला हायसं वाटलं. आईला म्हटलं, डॉक्टर उगाच घाबरवतात, चांगलं दिसतंय त्यांना. आईही म्हणाली, "दिसतंय की. मला दिसत न्हाय ते त्यास्नी दिसतंय."

एका संध्याकाळी मीच विषय काढला. "आण्णा, ऱ्हाऊ दे की खरं विमान माळ्यावर. हितं उडतंय, तुम्हांला दिसतंय. ते मोडलं म्हंजे?"

त्यांनी स्क्रीनवरनं नजर काढली नाही. "चित्तर झ्याक हाय," म्हणाले. "पण माझ्या लाकडाला वारा लागल्याला बघायचाय मला." आणि मग जरा चढ्या आवाजात, "मोडायला भ्यायचं असतं तर केलं असतं कशाला?"

पुढच्या रविवारी आण्णा आणि मी निघालो. थंडीचे दिवस होते, आभाळ स्वच्छ. पन्हाळ्याकडच्या एका पठारावर जायचं ठरलं, तिथं कुणाच्या डोक्यावर पडायची भीती नव्हती. सीटवर भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये विमानाचं अंग आण्णांच्या मांडीवर, पंख चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर. शेजारचा माणूस बराच वेळ बघत होता. "पावणं, पाळणा हाय व्हय?" त्यानं विचारलं.

"व्हय," आण्णा म्हणाले. "पोरगी उडवणार हाय."

तो माणूस जरा पलीकडं सरकून बसला.

उतरून बरंच चाललो. आण्णांनी माझा दंड धरला होता. पठार दगडी, मधे मधे वाळलं गवत. समोर, पश्चिमेला, लांबवर एकच झाड, आणि आमच्या मागं थोड्या अंतरावर पठाराची कडा. वारा समोरून येत होता. पंख बसवले. इंजिन आण्णांनीच सुरू केलं, हातानं चाचपून, नाकावरच्या पंख्याला काठीनं फटका देऊन. ते धडधडायला लागलं तसे त्यांनी शेपूट दोन्ही हातांनी धरलं. त्यांचे हात, खांदे, गाल, सगळं थरथरत होतं आणि तोंडावर असं हसू होतं की मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा बघितलं नाही. मी म्हटलं, "सोडा!"

त्यांनी सोडलं. विमान दगडावरनं उड्या मारत धावलं आणि उठलं. हातांना माहीत होतं काय करायचं. वर घेतलं. वळवलं. उन्हात पंख पिवळेजर्द दिसत होते, आतल्या फासळ्यांसकट. उडत होतं! आमचं विमान खरोखर उडत होतं! मी ओरडले, "आण्णा, बघा! बघितलंत?"

मी क्षणभर नजर काढून त्यांच्याकडं बघितलं. ते मान वर करून आभाळाच्या भलत्याच तुकड्याकडं बघत होते. मान इकडं फिरवत होते, तिकडं फिरवत होते, विहिरीत पडलेली कळशी शोधावी तसं शोधत होते.

"उजवीकडं, आण्णा! वर! आता डावीकडं गेलं!"

"व्हय, व्हय," म्हणाले. पण दिसत नव्हतं. आवाज एकीकडं आणि तोंड दुसरीकडं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सिम्युलेटरमध्ये विमान कायम स्क्रीनच्या मधोमध असतं, कारण चित्रच त्याच्या मागं वळत राहतं. आण्णांना मधलं दिसत होतं, म्हणून सगळं दिसत होतं. इथं आभाळ कुणासाठी वळणार नव्हतं. एवढ्या मोठ्या आभाळात तो पिवळा ठिपका नळीतनं शोधायचा म्हणजे काय! आणि टाकीतलं इंधन संपत चाललं होतं. मला मोठ्यांदा रडावंसं वाटलं. एवढं सगळं करून, यांना दिसायचंच नाही?

मग सुचलं. विमान आडवं गेलं की नजरेतनं निसटतं. पण सरळ आपल्या अंगावर आलं, तर ते एकाच जागी राहतं आणि नुसतं मोठं होत जातं.

"आण्णा, समोरचं झाड दिसतंय?"

त्यांनी शोधलं. वेळ लागला. "दिसतंय."

"त्याच्या वरच्या अंगाला बघत ऱ्हावा. मान हलवू नका. काय झालं तरी हलवू नका."

मी विमान लांब नेलं, झाडाच्याही पलीकडं, आणि वळवून थेट आमच्यावर घातलं. डावं-उजवं उलटं झालं, हातांनी ते सांभाळलं. वारा आता त्याच्या पाठीशी होता, येताना केवढ्या जोरात येत होतं! लहान होतं ते मोठं झालं. आणखी मोठं.

"आलं," आण्णा पुटपुटले. मग जोरात, "आलं गं! आलं! दिसतंय!"

मान त्यांनी तसूभर हलवली नाही. मलाच ते बघवेना, शेवटच्या क्षणी मी नाक वर ओढलं. पिवळं पोट आमच्या डोक्यांवरनं गेलं, त्याचा वारा तोंडावर आला. मी गर्रकन वळले. नाक जास्तच वर झालं होतं. मागचा वारा घेऊन ते कडेच्या पलीकडं गेलं, तिथं जागच्या जागी हळू झालं आणि एका पंखावर कलंडलं. सिम्युलेटरमधल्या मैदानाला कडा नव्हती. मी दांड्या दाबल्या, सोडल्या, दाबल्या. विमान कडेखाली गेलं. आवाज तिकडंच दरीत बारीक बारीक होत गेला, आणि मग नुसता वारा.

आण्णा वळलेच नव्हते. तोंड झाडाकडं, डोळे गच्च भरलेले, नाक पुसायचंही भान नाही.

"माझ्या अंगावर आलतं गं ते," म्हणाले. "चाकं दिसली. पोटाखालचा सांधा दिसला. वारा कापत आलं, बघितलंस न्हवं?"

"बघितलं, आण्णा."

"आणि एकदा आण की. एकदाच."

माझ्या हातात रिमोट तसाच होता.

"आवाज लांब गेला व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. "लांबनं वळवतेय. तुम्ही झाडावरनं नजर काढू नका."